रात्रीची भांडी आणि दिवाळीची सुट्टी

वाचक लिहितात (पत्र थोडं आटोपतं केलं आहे):

"मी ४८ वर्षांची, नाशिकला राहते, बँकेत नोकरी करते. घरी नवरा, ७४ वर्षांच्या सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि दहावीतली मुलगी. आमच्याकडे कितीतरी वर्षं भांड्यांना येणाऱ्या मावशी गुडघेदुखीमुळे आता फक्त सकाळी येतात. रात्रीची भांडी माझ्याकडे आली. किचनचं काम काढलंय, तर ओट्याखाली डिशवॉशरला जागा ठेवू, असं मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, 'खरकटी भांडी दिवसभर कपाटात कोंडायची? आणि घरात इतकी माणसं असताना मशीन कशाला?' नवरा म्हणतो, आपल्या कढया-कुकरांना ते चालत नाही, उगाच चैन आहे. त्यात दिवाळीत दीर-जाऊ जर्मनीहून येताहेत. नणंदेकडचे धरून आम्ही ११ जण चार दिवस बंगला घेऊन राहणार. व्याडेश्वर आमचं कुलदैवत, म्हणून मला गुहागरला जायचंय. जाऊबाईंचा हट्ट की डिशवॉशर असलेलाच बंगला हवा. अलिबागजवळ त्यांना एक मिळालाय, भाडं जवळजवळ दुप्पट. नवरा चिडलाय. मला मात्र मनातून जाऊबाईंचं पटतं, आणि पटतं याचंच वाईट वाटतं. डिशवॉशर खरंच गरजेचा असतो का? घरी? आणि सुट्टीतसुद्धा?"

ताई, नमस्कार.

आधी दोन्ही उत्तरं देऊन टाकते, कारणं मागाहून. घरी घ्या. सुट्टीत त्याच्यासाठी दुप्पट भाडं भरू नका. आणि पटतं याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण तुम्हाला पटतंय ते योग्यच आहे.

डिशवॉशरवाचून कुणाचं अडत नाही, हे खरं. पण मिक्सरवाचूनही एके काळी अडत नव्हतं. पाट्यावर वाटणारी बाई घरात होती, म्हणून अडत नव्हतं. 'अडत नाही' असं कुणी म्हटलं की कुणाचं अडत नाही, एवढं विचारावं. तुमच्या पत्रात पाच माणसं जेवतात आणि घासायला एकटी तुम्ही. दिवसभर बँकेत काउंटर सांभाळून आल्यावर, स्वयंपाक करून, सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर. तुमच्याच घरात असं घडतंय असंही नाही. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं, आणि मुळात हात लावणारे पुरुष शंभरात २६. या आकड्यांपुढे मला 'चैन' हा शब्द सोसवत नाही. रात्री साडेदहाला बाईनं ओट्यापासून बाजूला होऊन पाय वर घेऊन बसावं, ही चैन कशी?

सासूबाई म्हणतात, घरात इतकी माणसं असताना मशीन कशाला. त्यांचं वाक्य मी शब्दशः खरं मानते. माणसं आहेतच. तुमचा मुलगा वीस वर्षांच्या आसपासचा असेल, यजमान धडधाकट आहेत. म्हणूनच मशीन घेण्याआधी एक गोष्ट करा, आणि ती टाळू नका. पंधरा दिवस रात्रीची भांडी यजमान, मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून द्या. हातानं घासायची. मुलीचं दहावीचं वर्ष आहे म्हणून तिला हवं तर फक्त शनिवार-रविवार द्या, पण मुलाला परीक्षेची सबब नको.

हे मी शिक्षा म्हणून सांगत नाही. डिशवॉशर घासतो, पण बाकी काहीच करत नाही. ताटातलं उरलंसुरलं डब्यात झटकणं, भांडी रॅकमध्ये लावणं, डिटर्जंट घालणं, धुऊन झाल्यावर सगळं काढून जागच्या जागी ठेवणं, आठवड्याला जाळी साफ करणं, हे माणसानंच करायचं. ज्या घरात ताट उचलून सिंकपर्यंत नेण्याचीही सवय नाही, त्या घरात मशीन आलं की बाईच्या डोक्यावर आणखी एक काम येतं. घासणं गेलं आणि लावणं आलं, एवढाच फरक. मी अशी घरं पाहिली आहेत. तिथे वर्षभरात मशीन मसाल्याचे डबे ठेवायचं कपाट होतं. पंधरा दिवस स्वतः घासलेला माणूस मात्र मशीन आल्यावर ते आपणहून लावतो. वाळलेलं भाताचं शीत नखानं खरवडावं लागतं, हे त्याला एव्हाना कळलेलं असतं.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येते, कारण त्यात निम्मं तथ्य आहे आणि दुकानदार ते सांगत नाहीत. लोखंडी तवा आणि बिडाची कढई मशीनमध्ये घालायची नाही. तेलानं मुरलेला थर निघून जातो आणि सकाळी गंज दिसतो. ॲल्युमिनियमचा कुकर आणि पातेली डिटर्जंटमधल्या क्षारांनी काळी पडतात, हार्ड ॲनोडाइज्डचंही तेच. लाकडी पोळपाट-लाटणं तडकतं. नॉनस्टिकचा थर लवकर जातो. तांब्या-पितळेची चकाकी जाते, कल्हईची भांडी तर नकोच. कुकर स्टीलचा असेल तर भांडं चालतं, पण रबरी रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह काढून हातानंच धुवायचे.

मग उरलं काय, असं यजमान विचारतील. त्यांना आज रात्री ओट्यापाशी उभं करा आणि भांडी मोजायला लावा. पाच ताटं, आठ-दहा वाट्या, पेले, चमचे, डाव, झारा, कुकरच्या आतली भांडी, आमटीचं पातेलं, दुधाचं पातेलं, कोशिंबिरीचा बाऊल, दुपारचे जेवणाचे डबे, चहाची गाळणी, कपबशा. कढई, तवा, कुकर आणि पोळपाट एवढे बाजूला काढले तरी ढिगातला मोठा भाग मशीनचाच असतो. चार जिन्नस हातानं घासायला दहा मिनिटं लागतात. तेवढं काम कुणालाही जड नाही.

ताटांबद्दल मात्र सावध राहा. मशीनवर '१३ प्लेस सेटिंग', '१४ प्लेस सेटिंग' असं लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं १४ माणसांची भांडी मावतील. हे माप युरोपातल्या जेवणाच्या टेबलाचं आहे. एका माणसामागे दोन-तीन चपट्या बशा, कपबशी, एक ग्लास आणि काटे-चमचे, सुरी. त्यात आपली उभ्या काठाची ताटं, खोल वाट्या आणि पातेली धरलेली नाहीत. तुमच्या पाच जणांच्या घरात असं मोठं मशीन दिवसातून एकदा, रात्री, नीट भरून चालेल. आठ सेटिंगचं ओट्यावर ठेवायचं छोटं मशीन तुम्हाला पुरणार नाही, ते घेऊच नका.

दुकानात जाताना घरातलं सगळ्यात मोठं ताट आणि रोजचं भाताचं पातेलं पिशवीत घालून न्या. लाजू नका. ताट खालच्या रॅकमध्ये उभं करा, वरचा रॅक आत सरकवा आणि त्याच्या खालचा फवाऱ्याचा पंखा बोटानं फिरवून बघा. पंखा ताटाच्या कडेला अडला तर त्या मशीनमध्ये तुमची ताटं कधीच नीट निघणार नाहीत, कारण फिरता न आलेला पंखा पाणी एकाच जागी मारत राहतो. बऱ्याच मशीनमध्ये वरचा रॅक एक-दोन इंच वर घेता येतो. तो वर घेऊन पुन्हा फिरवून बघा. वाट्यांचीही एक खुबी आहे. सरळ पालथ्या ठेवल्या की बुडाच्या खळग्यात पाणी साचून राहतं आणि सकाळी बाहेर काढताना तेच गढूळ पाणी खालच्या ताटांवर सांडतं. वाटी तिरपी ठेवायची, एकमेकींच्या पोटात शिरू द्यायची नाही. आठवडाभरात हात बसतो.

भांडी नळाखाली विसळून मग मशीनमध्ये लावणाऱ्या बऱ्याच जणी असतात. तसं करू नका. पाणी दोनदा जातं आणि उपयोग शून्य. डिटर्जंटमधली एन्झाइम्स भात-डाळीचा चिकटा सुटा करतात, त्यांना त्यांचं काम करू द्या. फक्त घन खरकटं झटकायचं: कढीपत्ता, मोहरी, लिंबाची साल, शेंगदाण्याचा कूट. नाहीतर जाळी तुंबते. परातीला वाळलेली कणीक आणि दुधाच्या पातेल्याची करपलेली साय आधी भिजत टाकावीच लागते, त्यात मशीनची हुशारी चालत नाही. प्लास्टिकच्या डब्यावरचा हळदीचा डागही निघत नाही. स्टीलची तेलकट भांडी मात्र ६५-७० अंशांच्या गरम पाण्यात जशी निघतात, तशी आपल्या हातांना सोसेल अशा पाण्यात निघणं कठीण.

पाण्याचं गणित तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारतील. आजची मोठी मशीन रोजच्या प्रोग्रॅमला साधारण ९ ते १२ लिटर पाणी घेतात, जड भांड्यांच्या प्रोग्रॅमला थोडं जास्त. वाहता नळ मिनिटाला सहा ते दहा लिटर सोडतो, म्हणजे नळ सुरू ठेवून अर्धा तास घासणाऱ्या घरात मशीन पाणी वाचवतं हे उघड आहे. बादलीभर पाण्यात सगळी भांडी काढणाऱ्या जुन्या पिढीशी तुलना केली तर ते श्रेय मशीनला देता येणार नाही. सासूबाई तशा असतील, तर त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालू नका.

तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात का, ते आधी विचारून घ्या, कारण नाशिकच्या नळाचं धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फार फरक पडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची (म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची) इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी अशी आहे. बोअर सहज या वरच्या टोकाकडे जाते. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमत असेल, नळाच्या तोंडाशी खर येत असेल, तर तुमचं पाणी जड आहे. अशा पाण्यात मशीनमधली भांडी पांढुरकी निघतात आणि लोक मशीनला दोष देतात. मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. ते मीठ भांड्यांना लागत नाही. पाणी मऊ करणारी आतली रेझिन पुन्हा ताजी करायला ते वापरलं जातं. त्यात डिशवॉशरचं खडे मीठच घालायचं, स्वयंपाकघरातलं आयोडिनचं बारीक मीठ नाही. पहिल्याच दिवशी पाण्याचा कठीणपणा मशीनमध्ये आकड्यानं सेट करायचा असतो. बसवायला येणाऱ्या माणसाकडून ते समोर उभं राहून करून घ्या. पुष्कळ ठिकाणी तो न करताच सही घेऊन जातो.

किचनचं काम सुरू आहे ते बरंच झालं. मिस्त्रीला सिंकच्या अगदी शेजारी ६० सेंटिमीटरची मोकळी जागा, १६ ॲम्पिअरचा वेगळा प्लग, पाण्याची एक जास्तीची जोडणी आणि सिंकच्या पाइपला सांडपाण्याचा फाटा एवढं ठेवायला सांगा. फरशी बसल्यावर हे करायला गेलात तर तोडफोड आलीच. तुम्ही अगदी वरच्या मजल्यावर असाल तर पाण्याचा दाब तपासा. टाकी नळापेक्षा किमान तीनेक मीटर उंच हवी, बहुतेक मशीन ०.३ बारच्या खाली नीट पाणी ओढत नाहीत.

खर्च: मशीनला साधारण ३० ते ५० हजार. पुढे रोजच्या धुण्याला एक युनिटच्या आसपास वीज, आणि डिटर्जंट, मीठ, चकाकी आणणारं रिन्स एड मिळून १५-२० रुपये. म्हणजे महिन्याचे ८०० ते हजार रुपये लागतात, आणि ते धरूनच निर्णय घ्या. मशीन घेऊन मग डिटर्जंट महाग पडतं म्हणून आड दिवशी चालवायचं, यात काही हशील नाही.

सासूबाईंच्या पहिल्या बोलण्यात, खरकटी भांडी कोंडून ठेवण्याच्या, मला खरी अडचण दिसते. उष्टं-खरकटं घरात साठू द्यायचं नाही, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला. आपल्या हवेत त्याला अर्थही आहे, झुरळं आणि वास काही कुणाची वाट बघत नाहीत. त्यांना 'आता जमाना बदलला' म्हणू नका. असं करा: सकाळच्या नाश्त्याची आणि जेवणाची भांडी मावशी घासतातच, ती मशीनमध्ये जाणारच नाहीत. मशीनमध्ये फक्त चारनंतरची आणि रात्रीची भांडी, आणि झोपण्याआधी ते सुरू होणार. म्हणजे खरकटं रात्रभर राहत नाही, फार तर सहा-सात तास. कधी भरलं नाहीच, तर नुसतं गार पाणी फिरवणारा दहा-पंधरा मिनिटांचा विसळण्याचा प्रोग्रॅम बहुतेक मशीनमध्ये असतो, तो लावावा. देवाची भांडी, नैवेद्याची वाटी, पितळी समई यांचा तर प्रश्नच नाही. तांबं-पितळ मशीनमध्ये घालायचंच नसतं, ती चिंच लावून घासण्याची जशी पद्धत आहे तशीच राहील. हे त्यांना आधी सांगा. मला वाटतं, त्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळेल.

मावशींबद्दल तुम्ही पत्रात काही विचारलं नाहीत, तरी मला बोलायलाच हवं. मशीन आलं की घरातलं कुणीतरी म्हणेल, आता मावशींची काय गरज, किंवा पगार थोडा कमी करू. तसं होऊ देऊ नका. गुडघे ज्या कामानं गेले, त्यातलं काही काम तुमच्याच घरचं आहे. सकाळची भांडी त्यांच्याकडे राहू द्या. फार वाकावं लागत असेल तर त्यातली ताटं-वाट्याही मशीनकडे जाऊ द्या आणि मावशींना भाजी निवडणं, डबे पुसणं असं बसून होणारं काम द्या, त्याच पगारात. त्यांना विचारून ठरवा, परस्पर नको. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ सालापासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यांची नोंदणी झाली आहे का, तेही विचारा आणि नसेल तर कागदपत्रांना मदत करा. आणि दिवाळीत तुम्ही चार दिवस बाहेर असाल, ते दिवस पगारातून कापू नका. ती त्यांचीही सुट्टी.

आता तुमच्या सुट्टीकडे वळते.

जाऊबाईंवर रागावण्याआधी त्यांच्या जागी उभ्या राहून बघा. जर्मनीत भांड्यांना मावशी येत नाहीत. नवरा-बायको दोघंही कामावर, आणि भांडी मशीनमध्ये. तिथे सुट्टीसाठी फ्लॅट घेतला तरी त्यात मशीन असणं नेहमीचंच, आणि निघताना ते चालवून भांडी जागेवर ठेवून जायची, अशी रीत असते. त्या बाईला आता सांगितलं गेलंय की चार दिवस, ११ माणसं, एक बंगला. तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? सकाळचा चहा, मग पोहे, मग जेवण, मग पुन्हा चहा, मग रात्रीचं जेवण, आणि या सगळ्याच्या मागे सिंकपाशी उभ्या असलेल्या दोन सुना. एक तुम्ही, एक ती. दीर, नणंदेचे यजमान आणि मुलं समुद्रावर. तिनं डिशवॉशर मागितला, कारण 'मी सुट्टीत भांडी घासणार नाही' असं सासरी थेट म्हणणं तिला जमलं नसणार. तुम्हालाही ते जमत नाहीये. म्हणूनच तर तिचं मनातून पटतंय तुम्हाला. तुमचं दोघींचं मागणं एकच आहे.

पण त्यावर तिनं सुचवलेला उपाय मात्र चुकीचा आहे. भाड्याच्या बंगल्यातलं मशीन कुणाचंच नसतं. त्यात मीठ शेवटचं कधी घातलं, जाळी कुणी काढून धुतली, पाण्याचा आकडा कुणी लावला, काही कळत नाही. डिटर्जंटच्या गोळ्या बहुतेक आपल्याच न्याव्या लागतात. अशा बंगल्यांत स्वयंपाकाची भांडी पुष्कळदा ॲल्युमिनियमची आणि नॉनस्टिकची असतात, म्हणजे मोठी भांडी हातानंच. ११ माणसांची एका वेळची भांडी एका खेपेत मावणार नाहीत, आणि एक खेप दोन-तीन तास चालते. बंगल्यात कप मोजकेच असतात. चारला सगळ्यांना चहा हवा असतो आणि कप मशीनमध्ये धूत असतात. मग कुणीतरी दार उघडून, वाफ अंगावर घेत, अर्धवट धुतलेले कप काढून पुन्हा सिंकवर विसळतं. त्या कुणीतरीचं नाव तुम्हाला आणि मला माहीत आहे.

शिवाय मशीननं भांडी घासली तरी स्वयंपाक राहतोच. ११ जणांच्या पोळ्या कोण लाटणार?

एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. प्रत्यक्ष वापरता येण्याजोगा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं भांडी धुणारा पहिला डिशवॉशर अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी बनवला, १८८६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ज्या १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात त्यांचं मशीन मांडलेलं होतं. पण त्यांची सुरुवातीची गिऱ्हाइकं होती हॉटेलं आणि उपाहारगृहं. घरोघरी ते पोचायला आणखी अर्धं शतक गेलं. गिऱ्हाइकं तीच का होती, हे उघड आहे. जिथे रोज शेकडो पानं उठतात, तिथे ते पहिल्या दिवसापासून परवडतं. मग सुट्टीच्या चार दिवसांत पानं जिथे उठतात तिथेच उठू द्या, आपण आपलं हॉटेल कशाला चालवायचं?

म्हणून मी गुहागरच्या बाजूनं आहे. तिथे घरगुती जेवण देणारी घरं आहेत. पानावर गरम भात-आमटी, उसळ, सोलकढी, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. राहायला बंगला घ्या, पण दोन्ही वेळचं जेवण अशा घरी ठरवा. अलिबागच्या भाड्यातला जो फरक वाचेल, त्यात ११ जणांचं जेवण बहुतेक बसेल. आकडे हातात घेऊन यजमानांसमोर हिशेब मांडा, चिडण्यापेक्षा ते बरं. बंगल्यावर फक्त चहा आणि सकाळचं काहीतरी हलकं. त्या कपबशा पुरुषांनी धुवायच्या, हे निघण्याआधी, सगळ्यांसमोर, फोनवरच्या घरच्या ग्रुपवर लिहून टाका. तिथे गेल्यावर ठरवू म्हणालात तर काही ठरणार नाही. सासूबाईंना बाहेरचं जेवण दोन्ही वेळ चालत नसेल, तर रात्री मुगाची खिचडी आणि पापड, केळीच्या पानावर. बंगल्याच्या मालकांना आधी सांगितलं तर पानं मिळतील.

पुष्कळ बंगल्यांवर राखणदार जोडपं असतं आणि पाहुणे गृहीत धरतात की त्या वहिनी भांडी घासतीलच. गृहीत धरू नका. बुकिंगच्या वेळीच विचारा की त्यांना ते काम करायचं आहे का, आणि किती घेतील. पैसे त्यांच्याच हातात द्या, मालकांमार्फत नको. त्यांची दिवाळीही त्याच दिवसांत असते. घरगुती जेवण देणाऱ्यांचंही तेच. पाडव्याला, भाऊबीजेला जेवण मिळणार आहे का, ते आत्ताच विचारून ठेवा. एखाद्या दिवशी मिळणार नसेल तर त्या दिवसाची तयारी नाशिकहूनच नेता येईल: तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, दही तिथे मिळेल.

सुट्टीत मशीन हवंच अशीही वेळ येते. उद्या तुम्ही उन्हाळ्यात दिरांकडे जर्मनीला गेलात आणि तिकडे कुठे डोंगरात आठवडाभर फ्लॅट घेतलात, तर खुशाल मशीन असलेला घ्या. बाहेरचं जेवण तिकडे महाग पडतं, वरण-भात आपणच करायचा असतो आणि चपट्या बशा मशीनसाठीच बनवलेल्या असतात. तिथे त्याचं जास्तीचं भाडंही सहसा नसतं.

गुहागरच्या बंगल्यांचं दिवाळीचं बुकिंग फार लवकर भरतं, तेव्हा या आठवड्यातच फोन करा. पण त्याआधी जाऊबाईंना करा, यजमान किंवा दीर मध्ये न घेता. डिशवॉशर हवा की नको, असं विचारू नका. 'आपण दोघींनी चार दिवसांत एकदाही ओट्यापाशी उभं राहायचं नाही, असं मी ठरवलंय, जेवण बाहेरून आहे, चालेल ना?' असं विचारा. रविवारी आपल्याकडे दुपारचे दोन-अडीच वाजले की त्यांची सकाळ उजाडलेली असते. निवांत बोलता येईल.